जुईच्या कॉम्प्युटरच्या तीन एसएसडी

३ फेब्रुवारी, सोमवार
जबल अलीहून कंपनीची बस आज पाऊण तास उशिरा. घरी आलो तर जुई हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर फरशीवर फतकल मारून बसलेली. काळ्या स्क्रीनवर पांढरी एक ओळ : डिस्क सापडत नाही. एसएसडी गेली. दोन वर्षं बिनतक्रार चालली आणि आज राम म्हटला.

तिची शेवटच्या वर्षाची ॲनिमेशन फिल्म त्यात. आठ मिनिटांची, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये घडते म्हणे. चोवीस एप्रिलला कॉलेजात द्यायचीय. नाही दिली तर डिग्री पुढच्या वर्षी. सुदैवाने बरंचसं पोर्टेबल डिस्कवर होतं. दोन आठवड्यांचं काम गेलं.

मला म्हणते, "इट वॉज फाइन इन माय रूम, बाबा." म्हणजे दोष माझा. जानेवारीत मीच ते धूड तिच्या खोलीतून हॉलमध्ये आणायला लावलं. दार लावून बसायची, जेवायला हाका मारून तिच्या आईचा, शुभदाचा, घसा बसायचा. एकवीस वर्षांची आहे, कबूल, पण जरा माणसात बस की. मी म्हटलं, खोली बदलली म्हणून डिस्क मरत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार
नवी एसएसडी. २१० दिरहम, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये. शुभदाने हिशोब मोठ्याने सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मीच बसवली. चार स्क्रू, एक केबल. यासाठी लोक दुकानात पन्नास दिरहम घेतात!

जुईला विंडोज वगैरे टाकायला संध्याकाळ लागली. थँक्यू म्हणाली. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
विजेचं बिल. फेब्रुवारीत एवढं? एसी तर धड लावलेलाही नाही. या घरात माझ्याशिवाय एकाही माणसाला बटण बंद करता येत नाही. बाथरूमचा पंखा रात्रभर, राउटर रात्रभर, टीव्हीचा लाल दिवा रात्रभर. बोलून बोलून तोंड दुखलं. शुभदा म्हणते, अरे राउटर किती खाणार. थेंबे थेंबे म्हणतात ते काय उगाच?

कॉम्प्युटरमधले रंगीत दिवेसुद्धा बंद करायला लावले. हॉलचा डिस्को झाला होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
गेली. दुसरी. बावीस दिवसांत!

ऑफिसात फोन आला जुईचा, रडवेला. मी मीटिंगमध्ये. कन्व्हेयरचा बेल्ट का तुटतो यावर मीच बोलत होतो, आणि घरचं हे. संध्याकाळी तडक दुकानात. काउंटरवरचा म्हणतो, सर, ओरिजिनल माल है. मग ओरिजिनल माल बावीस दिवसांत कसा मरतो, ते सांग ना. तासभर घासाघीस. शेवटी बदलून दिली, चेहरा असा की स्वतःच्या खिशातून देतोय.

या वेळी एक आख्खा सीन गेला. जुईला म्हटलं, बॅकअप कुठे आहे? म्हणते पोर्टेबल डिस्क भरली. भरली तर सांगायचं ना. नाही सांगितलं. उद्या बसवतो तिसरी.

२ मार्च, रविवार
रमझान सुरू, ऑफिसची वेळ बदलली, बस सव्वासातला. जरा झोप मिळेल.

आज पद्धतशीर बसलो. वेअरहाऊसमध्ये मशीन बंद पडलं की आम्ही कागद घेतो आणि 'का?' पाच वेळा विचारतो. मी माणसांना शिकवतो हे. तेच केलं. का गेली? गरम झाली असेल. आत धूळ. ब्रशने साफ केलं, सबंध वाळवंट निघालं. केबल बदलली. पॉवर सप्लायवर संशय, पाच वर्षं जुना, तोही नवा टाकला. मागून हवा खेळावी म्हणून टेबल भिंतीपासून एक वीत पुढे ओढलं.

जुई बघत होती. म्हणाली, "बाबा, इट्स ऑफ एव्हरी मॉर्निंग. रात्री रेंडर लावून झोपते, तो रात्रभर चित्रं जोडत असतो, सकाळी नऊला बघते तर पूर्ण बंद असतो." मी म्हटलं, पॉवर सेव्हिंग असेल, सेटिंग बघ. म्हणाली बघितलं, नाहीये. म्हटलं, नीट बघ.

१७ मार्च, सोमवार
वादावादी. तिला यूपीएस हवाय. तिचं म्हणणं, कुठेतरी पॉवर जातेय. मी हसलो. शारजातल्या अल नहदात यूपीएस! सोळा वर्षं या बिल्डिंगमध्ये आहोत, लाइट गेलेली बोटावर मोजण्याइतकी, ती पण दोन मिनिटं. शेजारीपाजारी हसतील. तिला सांगितलं, गावाकडे नाही राहत आपण. कारण शोधायचं सोडून वस्तू विकत घेत सुटायचं, ही तुमच्या पिढीची सवय.

"फर्गेट इट," म्हणाली आणि हेडफोन घातले.

३० मार्च, रविवार
पाडवा आणि ईद एकाच दिवशी. खाली शेजाऱ्यांच्या शेवया, वर आमचं श्रीखंड. गुढी बाल्कनीत नाही, आतच, मॅनेजमेंटला कपडा बाहेर चालत नाही.

दुपारी उम्म अल कुवैनहून देशपांडे कुटुंब आलं. त्यांच्या मुलाचं ऐकवत होते, हे मिळालं, ते मिळालं. कॉम्प्युटरचा विषय निघाला तेव्हा मी बोलून गेलो की आमच्या बाईसाहेबांना वस्तू सांभाळता येत नाहीत, दोन महिन्यांत दोन डिस्क खाल्ल्या. सगळे हसले. जुई उठून आत गेली. शुभदाने टेबलाखालून पाय मारला.

तिसरी मात्र टिकलीय. महिना झाला. पॉवर सप्लाय हेच कारण होतं, मी म्हणत होतो तेच.

३ एप्रिल, गुरुवार
तिसरी गेली.

काय लिहू? सुट्टीचे तीन दिवस कॉम्प्युटर मस्त चालला, कालपासून ऑफिस सुरू, आज खलास. चार सीन. नऊपैकी चार सीन फक्त त्याच डिस्कवर. मार्चभर तिने तेच केलेले.

मी ओरडलो. नको तेवढा ओरडलो. बॅकअप घेता येत नाही तर कशाला ते ॲनिमेशन, काय ते निष्काळजीपण, एखाद्याने किती वेळा सांगायचं. ती उलट बोलली असती तर बरं झालं असतं. नखं खात बसली, लहानपणी खायची तशी. आज एकवीस दिवस उरलेत.

५ एप्रिल, शनिवार
आता मी हात लावणार नाही. मागच्या गल्लीत सुलेमानभाईंचं रिपेअरचं दुकान आहे. साठीचे, केरळचे, तीस वर्षं शारजात. कॉम्प्युटरचा डबा डिस्कसकट नेऊन ठेवला. मी माझी सगळी थिअरी सांगितली, धूळ, केबल, हवा. ऐकून घेतलं. म्हणाले, डिस्कला नुसती पॉवर देऊन ठेवायची, डेटाची केबल न लावता, मग काढायची, परत द्यायची. कधी कधी जागी होते. "चार दिन दो. इन्शाल्ला."

जुई कॉलेजच्या लॅबमध्ये बसून पहिला सीन परत काढतेय. मेट्रो, मग बस, जाऊन-येऊन तीन तास.

८ एप्रिल, मंगळवार
ऑफिसमधून परस्पर सुलेमानभाईंकडे. डिस्क जागी झालीय, पण धाप लागलेल्या माणसासारखी, जरा चालते की बसते. एकेक फाइल काढतायत.

मग म्हणाले, बसा. चहा मागवला. कॉम्प्युटर आपली एक नोंदवही ठेवतो म्हणे, कधी चालू झाला, कधी नीट बंद केला, कधी झटक्यात वीज गेली. ती उघडून दाखवली. रोजची एक ओळ, वेळेसकट, वीज अचानक गेल्याची. डिस्क आत काहीतरी लिहीत असते आणि वरून वीज काढली की तिचा स्वतःचा नकाशाच फाटतो. एकदा-दोनदा सोसते. रोज नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे लाइट जात नाही.

त्यांनी चष्मा वर केला. "रोज़े भर सात-दस. ईद के बाद पाँच-पचास. शनिवार-इतवार छुट्टी, ईद की भी छुट्टी. भाईसाब, ये बिजली नहीं है. ये कोई नौकरीवाला है."

बस सहाला असते. रमझानात सव्वासातला होती. मी निघताना गॅस बघतो, गीझर बघतो, हॉलमधल्या बोर्डचं बटण खाली करतो. राउटर, टीव्ही आणि जानेवारीपासून तो कॉम्प्युटर, सगळं त्याच एका बोर्डवर. स्क्रीन काळी असायची. मला वाटायचं बंद आहे. रोज, न चुकता, बूट घालता घालता.

सुलेमानभाईंना म्हटलं, घर में पूछता हूँ. त्यांनी चष्मा परत खाली घेतला. चहाचे पैसेही घेतले नाहीत.

९ एप्रिल, बुधवार
शुभदाला सांगितलं. आधी हसली. मग तोंडावर हात धरून खाली बसली. तिचं वेगळंच निघालं : सकाळी मी गेलो की ती टीव्हीसाठी तेच बटण वर करते. रोज. मी खाली करतो हे तिला माहीत, कॉम्प्युटर तर बंदच असतो असं तिलाही वाटायचं. म्हणून नऊला जुई उठेपर्यंत बटण जागच्या जागी. दोघांनी मिळून किती नीटनेटकं काम केलंय.

आता सांगू का पोरीला, विचारलं. शुभदा म्हणाली, चोवीस तारीख होऊ दे. आत्ता डोकं फिरेल तिचं, कामावरून लक्ष उडेल.

मला हे इतकं पटलं की मलाच लाज वाटली.

१० एप्रिल, गुरुवार
सुलेमानभाईंनी डबा परत दिला, चौथी डिस्क टाकून. जुनीवरून फाइली काढणं चालू आहे. मी तो थेट जुईच्या खोलीत नेऊन लावला, भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला. सोबत यूपीएस. जुईने विचारलं, अचानक? म्हटलं, हॉलमध्ये हवा खेळत नाही, सुलेमानभाई म्हणाले.

त्या बिचाऱ्या माणसाच्या नावावर खोटं.

११ एप्रिल, शुक्रवार
आज अर्धा दिवस. दुपारी जेवताना आम्ही दोघंच, शुभदा बाहेर गेलेली. आमटी वाढून घेता घेता जुई म्हणाली, "सॉरी बाबा. यू वर राइट. मी केअरलेस आहे. बॅकअप ठेवायला हवा होता, तुझे इतके पैसे गेले."

तेव्हा बोलायचं होतं. घास तोंडात होता, पण घास काय, गिळता येतो.

मी म्हटलं, "असू दे. पुढे लक्षात ठेव."

पुढे लक्षात ठेव! हे मी म्हटलं. कोणी दुसऱ्याने म्हटलेलं ऐकलं असतं तर त्याच्या कानाखाली काढली असती. तिने मान हलवली, ताट धुतलं आणि कामाला बसली. मी सोफ्यावर दोन तास पेपर घेऊन. एक ओळ वाचली नाही.

१३ एप्रिल, रविवार
सुलेमानभाईंचा फोन. डिस्क आता कायमची गेली. चारपैकी दोन सीन मिळाले. दुकानात गेलो तर नीट चालतोय का बघायला त्यांनी एक सीन उघडून दाखवला : लिफ्टचं दार उघडतं, आत एक मांजर, बाहेर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाईला आत यायचंय आणि मांजर बाजूला होत नाही. अर्धं मिनिट. मी तिची फिल्म पहिल्यांदा पाहिली, परक्या दुकानात, उभ्याने. हसू आलं. सुलेमानभाईही हसले.

पेन ड्राइव्ह दिला तेव्हा जुईने मला मिठी मारली. "यू सेव्ह्ड मी, बाबा." शुभदा स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

दोन सीन राहिले. एक तिने लॅबमध्ये अर्धा केलाय.

१४ एप्रिल, सोमवार
बसमध्ये मोबाइलवर तिला मेसेज लिहिला. मोठा. पुसला. परत लिहिला, छोटा. तोही पुसला. ज्या गोष्टी तोंडाने सांगायच्या त्या लिहून पाठवायच्या म्हणजे पळपुटेपणा. पण तोंडाने कुठे सांगतोय.

शुभदाला म्हटलं, चोवीसपर्यंत मला जमणार नाही. ती मला मिठ्या मारतेय गं. म्हणाली, मग सांग, मला कशाला विचारतोस?

१५ एप्रिल, मंगळवार
सांगितलं.

संध्याकाळी आलो, बूटही काढले नव्हते. तिच्या दारात उभा राहिलो. ती रेंडर लावत होती. म्हटलं, जुई, डिस्क तुझ्यामुळे गेल्या नाहीत. माझ्यामुळे गेल्या. रोज सकाळी मी बोर्डचं बटण बंद करत होतो. सुलेमानभाईंनी वेळा दाखवल्या. बसच्या वेळा होत्या.

"तिन्ही?"

म्हटलं, तिन्ही.

तिने खुर्ची वळवली. मला वाटलं आता फुटेल. यूपीएस मागितला तेव्हा हसलो होतो मी. देशपांड्यांसमोर काय काय बोललो होतो. ओरड, म्हटलं मनात, काय बोलायचं ते बोल. नाही ओरडली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग मराठीत, हळू विचारलं, "सुलेमान अंकलनी कधी दाखवलं तुला?"

"गेल्या मंगळवारी."

"म्हणजे शुक्रवारी मी सॉरी म्हटलं, तेव्हा तुला माहीत होतं."

हो म्हटलं.

ती परत स्क्रीनकडे वळली. काम चालू केलं. मी दारात तसाच उभा. मग शुभदाने जेवायला हाक मारली. मी गेलो. जुई आली नाही, म्हणाली ताट आत पाठव. शुभदाने नेऊन दिलं.

नऊ दिवस आहेत. दीड सीन बाकी.