उजव्या हाताची घंटा

दि. १९, सकाळचे साडेअकरा

चि. साळूस मामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या मामीचा गुडघा दुखतो, तरी दिवसातून चारदा गच्चीवर जायची हौस आहेच. चार महिने तुझा फोन नाही. राग आहे, ठाऊक आहे.

आज सकाळी देवाचं नाव घेतलं, पक्कड खिशात घातली आणि दवाखान्यात सात नंबरच्या खाटेपाशी गेलो. तिथे एक म्हातारे शिंपी आहेत. त्यांची डावी बाजू गेली आहे. आमच्याकडे घंटेची वायर डाव्या भिंतीतून येते, उजव्या हातापर्यंत पुरत नाही. तू केलेलं बिनवायरचं बटण मी त्यांच्या उजव्या मनगटाला बांधलं.

चांगली वस्तू तीन वर्षं कपाटात का पडून राहते, असं तू विचारलं होतंस. लिफ्टची मोटर चालू असताना चारशेपैकी दोन वेळा घंटा वाजली नाही, हे मी सांगितलं ते खरं होतं. तू ती अडचण महिनाभरात काढलीस. मग मी म्हणालो, सेल किती टिकतात बघू. मग एक पावसाळा जाऊ दे, एक उन्हाळा जाऊ दे. मग सेल कोणी बदलायचे यावर चिठ्ठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. थोरल्या सिस्टर म्हणायच्या, वायर दिसली की पेशंटला धीर वाटतो. एकही कारण खोटं नव्हतं. पण ती सगळी कारणं केव्हाच संपली होती. विजेचं काम माझ्याकडे, म्हणून दवाखान्याचे साहेब माझ्याच सहीसाठी थांबले होते, आणि तुला मी सांगत होतो की साहेबांकडे अडलंय.

“मामा, ती वायर काय मामी आहे का, सोडवत नाही ती?” असं तू म्हणालीस, तेव्हा मी हसलो. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

साळू, मी सगळ्यांना तसं सांगत आलो, पण तुझी आजी झोपेत गेली नाही. निदान मला तसं म्हणता येत नाही. तिचीही डावीच बाजू गेली होती. इथली प्रत्येक वायर मी ओढलेली. झाडताना अडकू नये म्हणून वायरची खाटेच्या कठड्याला गाठ मारायची पद्धतही माझीच. तिच्या खाटेलाही हाताच्या सवयीने डावीकडेच मारली. ती म्हणाली, “बाळा, हात पोचत नाही रे.” मी म्हटलं, उद्या लांब वायर आणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायर घेऊन गेलो. तिचा उजवा हात छातीवरून आडवा गेलेला होता. गाठ वीतभर पुढे राहिली होती.

तुझ्या कागदावर सही करायला बसलो की ती वीतभर जागा दिसायची. तुझं बटण चालतं असं लिहिलं, तर तेव्हा काय चाललं नाही तेही लिहावं लागेल, असं वाटायचं.

आज शिंपीबुवांनी बटण दाबलं. सिस्टर लगबगीने आल्या, काय हवंय म्हणाल्या. म्हातारा म्हणाला, “काही नाही. कोणी येतं का ते बघितलं.”

मी गाठ सोडवली, वायर भिंतीपाशी कापली आणि तसाच वर जाऊन सही केली. साठही खाटांसाठी.

हे पत्र ताईलाही वाचून दाखव. माझ्या तोंडून तिला सांगवणार नाही.

उशीर केलेला, तरी तुझाच,
मामा