सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा

दादा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि आज बापाला पत्र लिहायला बसलोय ते भूकंपावरून. हसू नका. जालन्यातल्या ज्या बियाण्याच्या गोदामात तुम्ही हमालांचे मुकादम होतात, तिथंच मी सुपरवायझर आहे. कंपनीनं भूकंपाची जबाबदारीही माझ्याच गळ्यात घातलीय. वर्षातून दोनदा रंगीत तालीम असते. भोंगा वाजतो, मी पिवळं जाकीट घालून शिट्टी फुंकतो आणि बी निवडणाऱ्या बाया आधी आपापले डबे उचलतात. मग सगळ्यांनी आवारातल्या लिंबाखाली उभं राहायचं, मी डोकी मोजायची, फोटो काढायचा, अहवाल पाठवायचा. त्यात एक ओळ कायम असते : सर्वांत शेवटी सुपरवायझर बाहेर पडले. पोत्यांच्या थप्प्या कमी उंच लावा, असं मी तीनदा लिहून दिलं. जागा नाही, म्हणाले. तिसऱ्यांदा मीही फार ताणून धरलं नाही.

मी नवा नवा कामाला लागलो होतो तेव्हा जेवण झाल्यावर दोन थप्प्यांच्या मधल्या गारव्यात आडवा झालो होतो. तुम्ही दंडाला धरून उठवलंत, सगळ्या हमालांसमोर. "मरायचं हाय का? पोत्याला माणसाची वळख न्हाई राहत." दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. आणि त्याच महिन्यात मक्याची थप्पी कलली. तुम्ही दारात उभे आहात, एकेकाचं नाव घेऊन बाहेर हाकताय, "जल्दी, जल्दी," मलाही पाठीत हात घालून ढकलताय. मग आतून आवाज येतो, धूळ उठते आणि त्या धुळीतून तुम्ही खोकत बाहेर येता, पाणी मागता. घरी आईला यातलं काही सांगितलं नाहीत. चहा घेऊन झोपलात.

परवा भरदुपारी जमीन खरंच हादरली. काही क्षणच, पण पत्रे खडखडले आणि वरून एक पोतं घसरून खाली आलं. भोंग्याचं बटण माझ्या टेबलामागच्या भिंतीवर आहे, नुसता हात मागे न्यायचा होता. शिट्टी तर गळ्यातच होती. मी पळालो, दादा. लिंबाखाली पोचलो तेव्हा तिथं मी एकटाच होतो. बाया मागून आल्या, या वेळी एकीच्याही हातात डबा नव्हता. सगळ्यात म्हातारी, जिचे गुडघे धरलेत, ती भिंतीला हात लावत शेवटी आली. कुणाला काही लागलं नाही. तीच मला म्हणाली, "सर, तुमी आधी पळाले ते बराबर केलं. तुमाला पाहून आमाला समजलं, पळायचं म्हणून." टोमणा असता तर बरं वाटलं असतं. ती मनापासून म्हणत होती.

परवाच्या अहवालातही ती ओळ मी तशीच ठेवली आणि खाली सही केली. घरी बायकोलाही बोललो नाही. फार थकल्यासारखं झालंय, म्हणून तुम्हाला लिहितोय. हे कागद टाकणार तरी कुठल्या पेटीत, ड्रॉवरमध्येच राहतील. आणखी एक सांगायचं राहिलं. काल मी माझं टेबल उचलून दाराजवळ नेलं. तिथं उजेड चांगला येतो, असं सगळ्यांना सांगितलं.