टोपलीला जागा नाय

धनेश,

पेट्रोल वाढलं, रोज गाडीने मला बाजारात सोडनं परवडत नाय म्हनलास. मी मुकाट मासळीची टोपली घेऊन रिक्षाने जायला लागले. ऑफिसची मानसं गाडीत घेतलीस, पेट्रोलचा खर्च वाटून घेतलास, तेबी मला शहानपनाचं वाटलं.

काल त्यातली अर्पिता गेटवर भेटली. "काकू, थँक्यू. आम्हाला मासळीचा वास सहन होत नव्हता, म्हणून तुम्ही स्वतःहून गाडीतून टोपली नेणं बंद केलंत ना? धनेश सांगत होता."

मी हसले. तुझी अब्रू राखली.

तोंडावर सांगायचं होतंस रे. पेट्रोलच्या मागे कशाला लपलास? ती गाडी याच टोपलीने घेऊन दिली हाय.

डब्यात भेंडी हाय. सुरमई शेजारी दिली. उगाच तुझ्या हाताला वास लागायचा.

आई