अकरा मिनिटांचं वर्णन

३ फेब्रुवारी

मिळाला! माझ्या आवडीचाच चित्रपट मिळाला! मॅडम म्हणाल्या, वाचनालयातल्या मार्चच्या खेळाला तुझा तो खिडकीवाला घेऊ. चाचणीत पडला तर मात्र ट्रकवाला. आणि माझी तीन महिन्यांची उमेदवारी याच कामावर संपणार — कायम, की घरी.

अंध प्रेक्षकांसाठी चित्रपटांचं वर्णन लिहिते मी. दोन संवादांच्या फटीत पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं, सेकंदाला दोन शब्द. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते सगळ्यांना सांगतात, मुलगी सिनेमात आहे. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. ती सांगते, ऑफिसात आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत. घरात पहिली पदवी आणणाऱ्याला अशीच नोकरी मिळते — चारचौघांत सांगताना दम लागेल अशी.

५ फेब्रुवारी

ट्रकवाल्याचंही वर्णन तयार ठेवायचं म्हणे. नायक एका हाताने ट्रक अडवतो, दुसऱ्याने आईचे अश्रू पुसतो. दीडशे मिनिटांत एक फट सापडत नाही! बोलत नसतील तेव्हा गातात, गात नसतील तेव्हा ढोल बडवतात. नायक दार उघडण्याआधी सांगतो की मी दार उघडतोय. असे चित्रपट मुळात डोळे मिटून बघण्यासाठीच काढत असावेत.

‘नायक विनाकारण शर्ट काढतो’ असं लिहिलं. मॅडमनी ‘विनाकारण’ खोडलं. मत नको, अंदाज नको, दिसतं तेवढंच लिही.

विनाकारण काढला हेच तर दिसत होतं.

९ फेब्रुवारी

आज माझा चित्रपट हातात घेतला. दहाव्यांदा. निवृत्त माणूस, खिडकी, अकरा मिनिटं न हलणारा कॅमेरा. कॉलेजच्या फिल्म क्लबात पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा हॉल झोपला होता आणि मी रडत होते. एकाकीपणावर याच्या जवळपास जाणारं मी काही पाहिलेलं नाही. या एका दृश्यावर मी दोन लेख लिहिलेत, एकाला बक्षीस आहे.

वर्णन लिहिलं: ‘तो खिडकीजवळ एकटा बसला आहे.’ मग अकरा मिनिटं काही नाही. अशा शांततेत तोंड उघडणं म्हणजे गुन्हा.

बाबांना दाखवला. चौथ्या मिनिटाला म्हणाले, “अडकलाय का गं?” लिफ्टचा अनुभव, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी

दिग्दर्शकांना परवानगीचं पत्र. सात वेळा लिहिलं. सातव्यात ‘आदरणीय’ एकदाच ठेवलं. वर्णन तयार झालं की पाठवा, असं दोन ओळींचं उत्तरही आलं. दोन ओळी! त्यांच्या!

१८ फेब्रुवारी

चाचणी.

चाचणी घेतात त्या ऑपरेटरबाई. टेलिफोन केंद्रात तीस वर्षं काढलेल्या, जन्मापासून अंध. काठीवर हनुवटी टेकून ऐकतात. खिडकीच्या दृश्यात त्यांनी हात वर केला.

“एकटा आहे म्हणालीस ना?”

हो म्हटलं.

“मग भांडी कोण घासतंय?”

मी समजावलं, की ते वातावरणाचे आवाज आहेत, त्याचा एकाकीपणा गडद करण्यासाठी वापरलेले. अगदी माझ्या लेखातलं वाक्य. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पोरी, वातावरण खोकत नाही. ही दोनदा खोकली.”

मागे नेऊन पाहिलं. डावीकडे स्वयंपाकघराचं अर्धं दार. दारात एक पाठ, एक कोपर. अकरा मिनिटं हलणारं कोपर. दहा वेळा पाहिलाय मी हा चित्रपट!

नापास नाही केलं. दुरुस्त करून आण म्हणाल्या.

२० फेब्रुवारी

पहिल्यापासून एकेक दृश्य थांबवून पाहिलं. एकतीस दृश्यांपैकी तेवीस दृश्यांत ती आहे. कडेला, पाठमोरी, कधी नुसता हात. मी काय लिहिलं होतं? ‘टेबलावर कप येतो.’ कप येतो! आपल्या पायांनी!

सगळं नव्याने लिहिलं. शेवटच्या दृश्यात ती दारात थांबून त्याच्याकडे बघते, तिथे ‘डोळ्यांत वर्षांचं मौन साठवून’ असं लिहिलं. लिहिताना मलाच भरून आलं. मॅडमनी मौन खोडलं, ‘बघत राहते’ ठेवलं.

२१ फेब्रुवारी

ऑपरेटरबाईंनी पास केलं. म्हणाल्या, आता कुणाच्या तरी घरात बसल्यासारखं वाटलं. वर्णन दिग्दर्शकांना पाठवलं.

२४ फेब्रुवारी

त्यांचा फोन! मी खुर्चीतून उठून उभी राहिले, जणू त्यांना दिसणार होतं. आवाज हुबेहूब मनातल्यासारखा.

“ही बाई कुठून आणलीत?”

मी दृश्यांचे आकडे सांगितले. ते म्हणाले, “ती आमची ही असेल. घर आमचंच होतं ना. बाजूला हो म्हणायचं राहून गेलं.”

बक्षीस मिळालेल्या लेखात मी या चौकटीतल्या प्रत्येक वस्तूमागच्या विचाराबद्दल दोन पानं लिहिली आहेत.

पुढे म्हणाले, तिला वर्णनातून काढा, चित्रपट एकाकीपणावर आहे. नाहीतर परवानगी नाही. यावर मी बाणेदारपणे काय म्हणाले? “विचार करते, सर.”

२५ फेब्रुवारी

मॅडमचं म्हणणं सरळ. परवानगीशिवाय चित्रपट दाखवता येत नाही आणि दिसणारं माणूस गाळलेलं वर्णन त्या पाठवणार नाहीत. “ट्रकवाला आहेच. पण तुझ्या खात्यात मग दाखवण्यासारखं काम राहत नाही, तेही बघ.”

बघितलं. रात्रभर तेच बघितलं.

एक ओळ तर काढायची. म्हणजे तेवीस ओळी. आणि माझे आवडते दिग्दर्शक मला ओळखतील, नोकरी राहील. अंध माणसांना काय कळणार, असं मनात आलं — आलं खरं. ज्यांना कळलं ते तेच होते, हे दुसऱ्या मिनिटाला आठवलं.

२६ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. तिने ऐकताना तीन शर्ट संपवले.

“ती दिसते का त्यात?”

दिसते.

“मग?”

आणि चौथा शर्ट घेतला. सिनेमावर आमच्या घरात इतकी नेमकी चर्चा कधी झाली नव्हती.

पत्र टाकलं: आदरणीय सर, बाई राहतील. वर्णनाची प्रतही पुन्हा जोडली.

१ मार्च

उत्तर नाही. ट्रकवाल्याला हात घातला. नायक आईचे अश्रू पुसतो तेव्हा मागे अकराजण ट्रकला टेकू देताना दिसतात. अकराही लिहिले. मॅडमना काही खोडता आलं नाही.

कायम होण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. बाबांनी लिफ्टच्या कंपनीत क्लार्कची जागा आहे असं सहज सांगून ठेवलं.

४ मार्च

परवानगी आली. सही त्यांची नाही, त्यांच्या बायकोची. निर्मात्या त्या आहेत, हक्क त्यांच्या नावावर. नाव चित्रपटात सुरुवातीलाच येतं, मीच कधी वाचलं नव्हतं. पत्र एवढंच: ‘वर्णन वाचलं. दाखवा. एक दुरुस्ती. शेवटच्या दृश्यात मी त्या माणसाकडे बघत नाहीये. गॅस बंद केला की नाही ते आठवतेय.’