सेंट कुनेगुंडच्या झेंड्यावरून गाय कशी उतरली

सेंट कुनेगुंड, मिनेसोटा
९ एप्रिल

आदरणीय सिस्टर क्रिसेन्शिया यांच्या सेवेशी (आणि त्या खुर्चीत डुलकी घेत असतील, तर माझ्या ताईच्या सेवेशी) धाकट्या मार्लिसचा गुडघे न टेकता केलेला नमस्कार. न टेकण्याचं कारण श्रद्धेचा अभाव नसून डावा गुडघा आहे.

तुझी कंबर कशी आहे? गेल्या पत्रात तू लिहिलंस, "देवाच्या इच्छेप्रमाणे आहे." यावरून काही कळत नाही. माझा गुडघाही देवाच्याच इच्छेप्रमाणे आहे आणि जिना उतरताना ती इच्छा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. मठात रात्री अजून ते पातळ सूप देतात का? देत असतील तर सांग, मी बटाटे घालून भाजलेली हॉटडिश पाठवते. मदर सुपीरियरना माझ्याकडून आल्याचं सांगू नकोस, त्यांना माझा स्वभाव आठवेल आणि भूक मरेल. इकडे तळ्यावरचा बर्फ अजून फुटला नाही. त्यावर ठेवलेली भंगार मोटार तशीच उभी आहे आणि ती कुठल्या तारखेला बुडणार यावर निम्म्या गावाने पैज लावली आहे. फादरनीही लावली आहे, पण ते त्याला देणगी म्हणतात.

आता मुद्द्याचं. ताई, तुझा झेंडा चालला, तोच, ज्याने तुला अठ्ठावन्न साली स्पर्धेत पदक मिळवून दिलं. चौदा जूनला नगर कचेरीसमोरच्या खांबावरून तो उतरवणार, घडी करणार आणि वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवणार, जिथे पूर्वी भुसा भरलेलं बिजूचं जनावर होतं. (बिजूला कसर लागली म्हणून तो काढला. म्हणजे जागा रिकामी होती, म्हणून सुचलं असणार.) १९५८ पासून तो झेंडा या गावावर फडकतोय. त्यातली एकतीस वर्षं कचेरीची कारकून म्हणून रोज सकाळी आठला मी तो स्वतःच्या हातांनी चढवला आहे. उणे तीस अंशांत दोरी हाताला चिकटायची, तेव्हा मनात जे शब्द यायचे ते सिस्टर अर्मेलांनी आपल्याला शिकवले नव्हते. तरी एक दिवस खाडा केला नाही. आणि आता मला सांगतात की तो झेंडा मुळात झेंडाच नाही.

हे सांगणारा इसम प्रेस्कॉट नावाचा आहे. वय बत्तीस, पायात मोजे नाहीत (मार्च महिन्यात), पूर्व किनाऱ्यावरून आलेला झेंड्यांचा तज्ज्ञ. असेही तज्ज्ञ असतात, त्यांच्या परिषदा भरतात आणि तिथे ते एकमेकांना टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी राज्याने आपला झेंडा बदलला तेव्हापासून ही साथ गावोगाव पसरली आहे, आणि आपले महापौर कुठल्याही साथीत पहिल्या आठवड्यातच सापडतात. त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष डेल ओस्टरगार्ड, तोच तो घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारा, ज्याने तुझ्या मठातला बॉयलर दोनदा बसवला. दुसरी फर्न हाल्वर्सन, जिच्या लुथरन चर्चच्या तळघरात आमच्या बैठका होत, कारण तिथे कॉफी फुकट असते आणि तिची चवही तशीच असते. तिसरी इफ्राह वारसमे, औषधांच्या दुकानातली. आईवडील सोमालियाचे, जन्म इथल्याच इस्पितळातला, आणि गावात सरळ बोलणारी माझ्याखेरीज एकटीच. चौथी मी. मला का घेतलं विचारशील तर डेल म्हणाला, "मार्लिस, तू बाहेर राहिलीस तर जास्त त्रास होईल गं." हा माणूस दिसतो त्यापेक्षा हुशार आहे.

पहिल्याच बैठकीत प्रेस्कॉटने भिंतीवर तुझा झेंडा मोठा करून दाखवला. निळं कापड, मधोमध गोल शिक्का, शिक्क्यात गाय, लोणी कारखान्याचं धुराडं, चर्चचा मनोरा, रेल्वेचं इंजिन, मक्याचं कणीस, तळं, तळ्यात मासा, मागे सूर्य, आणि भोवती ब्रीदवाक्य, 'श्रम, श्रद्धा, लोणी'. मला तर भरून आलं. तो मात्र म्हणाला, ही निळी चादर आहे आणि चादरीवर काहीतरी सांडलं आहे. झेंडा कसा असावा, तर लहान मुलाला न बघता काढता यावा. त्यावर अक्षर नसावं, कारण देशाला कधी आपलं नाव लिहून दाखवावं लागत नाही. मी विचारलं, डॉलरच्या नोटेवर बराच मजकूर आहे, ती कोणी परत करतं का? तो हसला आणि वहीत काहीतरी लिहिलं. फर्नने त्याला लिंबाच्या वड्या वाढल्या. आमच्याकडे वाद अंगावर आला की वड्या येतात, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने चार खाल्ल्या.

मग गावाकडून चित्रं मागवली. नियम असा की कागदावर नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक. नाव बंद पाकिटात, निवड झाल्यावर फोडायचं. आणि समितीच्या सभासदांनी चित्र पाठवायचं नाही. दोनशे बारा आली. त्यांतल्या एक्केचाळिसांवर मासा होता. एकावर मासा मोटार चालवत होता. एका गृहस्थाने एकच चित्र अकरा वेळा पाठवलं, दर वेळी निळा रंग जरा वेगळा, आणि खाली लिहिलं की फरक लक्षपूर्वक बघावा. एकाने आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवला, सोबत एक ओळही नाही. ताई, त्या कुत्र्याच्या डोळ्यांत जी निष्ठा होती ती मला महापौरांत आजवर दिसलेली नाही, पण डेलने तो बाद केला.

दोनशे बारांतून काही ठरेना, तेव्हा प्रेस्कॉटने सुचवलं की आधी चिन्हं ठरवा, मी जुळवून देतो. इथे खरा घात झाला. तो ज्या गावचा आहे तिथे माणसं आपल्या चिन्हासाठी भांडत असतील. आपल्याकडे ताटातली शेवटची वडी कोणी उचलत नाही, हे त्याला कोण सांगणार? मनोऱ्यापासून सुरुवात झाली. डेल लुथरन, तरी म्हणाला, "मनोरा तुमच्या कॅथलिक चर्चचाच ठेवा, जुना आहे." मी म्हटलं, छे, तुमचा ठेवा, उंच आहे. तो म्हणाला, नाही नाही, तुमचा. मी म्हटलं, आग्रहच नको. पाच मिनिटांत दोन्ही मनोरे गेले आणि दोघांनाही आपण मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं. मग गाय. फर्नचा नवरा लोणी कारखान्यात होता, कारखाना बंद पडून सोळा वर्षं झाली. फर्न म्हणाली, "गाय राहू दे, मला काही त्रास नाही होत." हे तिने अशा आवाजात म्हटलं की आम्ही तिघांनी तत्काळ गाय आणि धुराडं दोन्ही काढलं. मग फर्नला वाटलं, आपल्यामुळे गाय गेली, म्हणून भरपाईला तिने कणीस सोडलं, जे तिच्या भावाच्या शेतातलं होतं. इंजिन डेलने सोडलं, कारण गाडी आता इथे थांबत नाही आणि थांबत नसलेल्या गाडीने लोकांना ताटकळत ठेवू नये. सूर्य उगवता की मावळता यावर मी एक वाक्य बोलले, तर सूर्यच गेला. तळं आणि मासा गेले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. ब्रीदवाक्य तर अक्षरांमुळे आधीच बाद. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी भिंतीवर उरलं काय, तर नुसतं निळं कापड.

प्रेस्कॉट उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, इतका धाडसी झेंडा मी आजवर पाहिला नाही. डेलने मत मागितलं. त्याने हात वर केला, फर्नने केला आणि (हे मी तुला लपवणार नाही) मीही केला, कारण दुसरं कोणीतरी नको म्हणेल अशी माझी खात्री होती. पोरगी तेवढी हात खाली ठेवून बसली होती.

"मला एक सांगा," इफ्राह म्हणाली, "हे तुमच्यापैकी कोणाला आवडलंय का?"

फर्न म्हणाली, "कॉफी अजून आहे."

"फर्नकाकू, कॉफी नको मला. आवडलंय का?"

"वाईट नाही," डेल म्हणाला.

"डेल, तुम्ही भट्टीलासुद्धा वाईट नाही म्हणता, आणि मग ती बदलायला सांगता."

"तुला काय हवं होतं गं?" फर्नने विचारलं.

"मला तळं हवं होतं. पहिल्या बैठकीपासून. पण सगळे इतकं सोडत होते की मागायची लाज वाटली."

डेलने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "चित्रांची पेटी काढा परत." प्रेस्कॉटचा चेहरा पाहून फर्नने त्याच्यापुढे आख्खं ताट ठेवलं.

अशी ती कागदांची पेटी पुन्हा उघडली आणि डेलच्या हाताला एकसष्ट क्रमांक लागला. साधं चित्र. वर निळं, खाली पांढरं, जिथे दोन्ही मिळतात तिथे एक पिवळा चौकोन. बस. त्यात काय आहे कोण जाणे, पण डेल म्हणाला, ही हिवाळ्यातली खिडकी, आत दिवा आहे, कोणीतरी घरी आहे. फर्न म्हणाली, छे, हे तर मोहरीचं शेत. इफ्राह म्हणाली, निळं ते तळं आणि पिवळी ती बर्फावरची मासेमाराची खोपटी, तिला तेवढं पुरेसं आहे. प्रेस्कॉट म्हणाला की प्रमाण शास्त्रशुद्ध आहे. प्रत्येकाला आपापलं मिळालं आणि कोणाला काही सोडावं लागलं नाही. गावसभेत प्रत्येकाला दोन मिनिटं दिली होती. सतरा जण बोलले. त्यांतले अकरा बर्फ उचलणाऱ्या गाडीने पत्रपेटी पाडल्याबद्दल बोलले, पाच माशाबद्दल, आणि एक म्हातारबा माइकसमोर दोन्ही मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "असू दे." आपल्याकडे याला प्रचंड बहुमत म्हणतात.

तर असं आहे. सदुसष्ट वर्षांचा झेंडा, आणि गेला तो शत्रूमुळे नाही, सौजन्यामुळे. मला याचा किती संताप आहे ते शब्दांत लिहिता येत नाही, म्हणून चार पानं लिहिली. तू मनाला लावून घेऊ नकोस. प्रार्थनेत माझं नाव घे, प्रेस्कॉटचंही घे (मोज्यांसाठी), आणि कंबर शेकत जा.

तुझी,
मार्लिस

ता. क. १. एक राहिलं. एकसष्टचं पाकीट मंगळवारी फोडलं. आत तुझं नाव निघालं. फर्न रडली. डेलने टोपी काढली. ज्या हाताने अठ्ठावन्न साली झेंडा काढला त्याच हाताने ब्याऐंशीव्या वर्षी नवा काढला, असं महापौर म्हणाले, आणि पेपरात पहिल्या पानावर येणार आहे. तुला हे नवीन वाटत असेल. अक्षर वळणदार काढलं होतं मी, तुझ्यासारखं.

ता. क. २. रागावू नकोस. झेंडा जाणार हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि मासा मोटार चालवतोय असल्या कापडाला रोज सकाळी कोणीतरी सलाम करणार हे मला बघवलं नसतं. जायचाच असेल तर बदलीचा तरी आपल्या घरातून जावा. नियमाने मला पाठवता येत नव्हतं. हो, आणि एकसष्टला मतही मी दिलं, पण सर्वांत शेवटी आणि अगदी नाखुशीने, सगळ्यांनी पाहिलं. डेल आणि फर्न रविवारी केक घेऊन मठात तुझ्याकडे येतायत. तुला खोटं बोलायला मी सांगणार नाही, तू व्रतस्थ आहेस. त्यांनी "तुम्ही काढलात ना?" विचारलं तर फक्त म्हण, "बर्फ काय म्हणतोय?" इथे ननला कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. पिवळा चौकोन काय आहे विचारलं, तर म्हण, तुम्हाला काय दिसतं? तो लोण्याचा तुकडा आहे, हे कोणालाही सांगू नकोस.

ता. क. ३. अठ्ठावन्न सालच्या स्पर्धेतही नियमच आडवा आला होता. बारा वर्षांच्या वरच्यांनाच भाग घेता येत होता, आणि मी नऊची. तू म्हणालीस, "आण तुझं चित्र इकडे, माझं नाव घालते," आणि मग पदक घेताना व्यासपीठावरून माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मी तिथेच भोकाड पसरलं असतं, हे तुला कळत होतं. सदुसष्ट वर्षं आपण त्यावर बोललो नाही, आता बोलायला नको. चौदा जूनला नवा झेंडा चढवायला दोरी तुझ्या हातात देणार आहेत. कंबरेचं कारण सांगू नकोस, मी गाडी पाठवते. मी पहिल्या रांगेत असेन. या वेळी माझ्याकडे बघ. आणि येताना ते पदक घेऊन ये, तुझ्या ट्रंकेत खाली असेल. हातात धरून बघते आणि परत देते.