धुराचं आवतण

तीर्थस्वरूप हिरूमामा यांस,
भाची प्राजक्ताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीच्या कोंबड्या वादळात वाचल्या ना? आम्ही सगळे मजेत (आई सोडून, ती माझ्यावर रागावली आहे). मुकेश हे वाचून दाखवत असेल, त्याला सांगा, कंसातलंही वाच.

सरावलीतले विजेचे खांब पडले हे तुम्ही ऐकलंच असेल. आमचा बर्फाचा कारखाना बंद, आणि धाकटी डहाणू बंदरात होड्या मासळी भरून आलेल्या. कारखान्यात एक जुना डिझेल जनरेटर आहे. तो इतका धूर ओकतो की एरवी चालवायला बंदीच. पण अशा संकटात प्रदूषणाचं ऑफिस तात्पुरती परवानगी देतं. ती मी मिळवली, मामा! शेठ म्हणाले, एकही तक्रार न येता हे पार पडलं तर तुझी नोकरी पक्की. मी खात्रीने हो म्हटलं (मग घरी येऊन अटी पुन्हा वाचल्या, झोपताना पुन्हा).

एक अट अशी की जनरेटर लावण्याआधी शेजाऱ्यांना कळवावं. दुसरं कुणी नोटीस चिकटवून मोकळं झालं असतं. पण आपल्या पाड्यावर नोटीस वाचणार कोण? म्हणून परवा आईला घेऊन मी दारोदार गेले. चुकलं ते इथेच. मायलेकी नव्या साड्या नेसून घरोघर "उद्या सकाळी" सांगत फिरल्या, तर लोक काय समजणार? (साड्या ही आईची कल्पना. "सरकारी काम आहे," म्हणाली.)

काल सकाळी अख्खा पाडा नटून कारखान्याच्या फाटकावर. कुणी तांदूळ आणलेले, कुणी कोंबडा. शेजारची ठकीआजी सगळ्यांत पुढे बसलेली.

"पोरी, नवरा कुठाय?"

"नवरा नाही आजी, धूर आहे."

"बरं. मग धूर कधी?"

शेठनी कपाळावर हात मारला. "बेन, आ लगन छे के धुमाडो?" (लग्न आहे की धूर, म्हणे.) पण मी डगमगले नाही. आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं? तीन दगड मांडले, ओली लाकडं पेटवली आणि मोठ्या पातेल्यात चहा चढवला. आमच्या ऑपरेटर जीवनने नारळ फोडला, बटणाकडे हात नेला, आणि वीज आली! टाळ्या पडल्या. सगळे चहा पिऊन, मला आशीर्वाद देऊन गेले. एकाचीही तक्रार नाही.

तुमची लाडकी भाची,
प्राजक्ता

ता. क. आज वीज पुन्हा गेली. जनरेटर लावणार, तोच ऑफिसातून फोन: तक्रार आली आहे, ती मिटेपर्यंत परवानगी थांबवली. तक्रारदार, आशागडचे हिरूभाऊ. कालच्या जनरेटरच्या धुराने खोकला झाला म्हणे. मामा, जनरेटर काल लागलाच नाही! धूर निघाला तो फक्त चहाच्या चुलीचा. आई म्हणते, "खोकला कसला! पहिलं आवतण मामाचं, ते तू दिलंच नाहीस." मी म्हटलं, अटीत फक्त शेजारी होते. ती म्हणाली, "अटी लिहिणाऱ्याला मामा नसेल."

आणखी एक. पत्र घेऊन आलेल्या जीवनच्या हातात नारळ-सुपारी आहे. तेच आवतण समजा, ऑफिसला फोन करून खोकला बरा झाल्याचं सांगा आणि त्याच्याच मोटरसायकलवर बसून या. होड्यांतला बर्फ संपत आलाय. जनरेटरचं बटण तुम्हीच दाबायचं.

शेवटचं. ठकीआजी विचारते, मामा आल्यावर पुन्हा चहा होणार का. हो म्हटलंय. पण या वेळी गॅसवर.