दोन रेघांची खूण

४ फेब्रुवारी

आज एक दाढीवाला आला. जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा पारखी म्हणे. सून आत येऊन म्हणाली, "आई, तुमच्या कारखान्याचं विचारतोय." माझा कारखाना! बंद पडून अडतीस वर्षं झाली.

त्याने आणलेली गिटार आमच्याच कारखान्याची होती. त्याने टेबलावर टॉवेल अंथरला, ती पालथी ठेवली आणि एकेक स्क्रू काढायला लागला. कुठला स्क्रू मूळचा, कुठला नंतरचा, सोल्डरचा डाग कुणी पुन्हा वितळवलाय का, बटणं बदललीत का – नुसतं बघून सांगत होता. आम्ही काम करत असताना कुणी इतक्या जवळून बघितलं असतं तर आमचा फोरमन घाबरून पळून गेला असता.

मग त्याने पिकअप बाहेर काढला. तारांखालचा तो काळा ठोकळा, गिटारचा आवाज तोच पकडतो. त्याच्या आत केसाहून बारीक तांब्याची तार, आठ हजार वेढे. हेच माझं काम. यंत्र ठोकळा फिरवायचं, तार मात्र आपल्या बोटांतून सोडायची. सोळा वर्षं केलं.

पिकअपच्या तळाला पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. "ही खूण कुणाची?"

"सुतळीची, माझ्या शेजारी बसायची ती," मी म्हटलं. प्रत्येकीची खूण ठरलेली होती. माझी गोल.

दाढीवाल्याचा चेहरा उजळला. दोन रेघांच्या पिकअपसाठी लोक जीव टाकतात म्हणे. मी विचारलं, आणि गोलवाले? "तेही चांगले असतात," म्हणाला. मास्तर ढ मुलाच्या बापाला सांगतात तसं.

५ फेब्रुवारी

काल लिहायचं टाळलं ते लिहिते. दोन रेघांचे सगळे पिकअप सुतळीचे नाहीत.

सुतळी माझ्या शेजारच्या यंत्रावर बसायची. अंगाने काटकुळी म्हणून सुतळी. हात फार सावकाश. दिवसाला तीस पिकअप भरायचे असायचे, हिचे चोवीसच व्हायचे. फोरमनने दोनदा दम दिला, तिसऱ्यांदा कमी भरले तर थेट घरी. नवरा अंथरुणाला खिळलेला, लेक दोन वर्षांची. मग मी माझे तीस झाले की आणखी सहा गुंडाळायची, त्यांवर दोन रेघा ओढायची आणि तिच्या ट्रेमध्ये सरकवायची. फोरमन संध्याकाळी मोजायचा, तीस भरलेले. सुतळी काही बोलायची नाही. मीही नाही. अशी सहा वर्षं गेली.

तिला मी कधी ऐकवून दाखवलं नाही. आज मात्र मनात आलं, खरंच आलं – त्यातल्या एखाद्यावर माझा गोल राहिला असता तर!

११ फेब्रुवारी

दाढीवाला पुन्हा आला. पाच पिकअप घेऊन. हल्ली लोक खोट्या रेघा ओढून विकतात, तेव्हा खरे कुठले ते सांगा म्हणाला.

खोटा मी चुटकीसरशी काढला. तारेचं टोक उजवीकडून वळवलेलं. आमचा फोरमन डावरा, त्यानेच सगळ्यांना शिकवलेलं, त्यामुळे आम्ही साऱ्याजणी डावीकडून वळवायचो. हे दाढीवाल्यालाही माहीत नव्हतं. त्याने वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग उरलेले चार एकेक करून गिटारला जोडून वाजवले. तीन ठीक होते. चौथा वाजला आणि सूनसुद्धा गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. दाढीवाला म्हणाला, "दोन रेघांमध्येही पाचात एखादाच असा निघतो. यात वेढे कमी असतात आणि सैल. घाईत गुंडाळल्यासारखे. त्यामुळेच हा आवाज."

घाईत! सुतळीला कसली घाई? ती एकेक वेढा जपून घालायची. घाई मला असायची. माझे तीस संपवून, फोरमनची नजर चुकवून, सुटीच्या भोंग्याआधी तिचे सहा. तिसात सहा म्हणजे पाचात एक.

दोन्ही हात पदराखाली लपवले.

१२ फेब्रुवारी

पाचात एक. कसंही मोजलं तरी तेवढंच येतं.

१८ फेब्रुवारी

वाद्यांच्या संग्रहालयात सुतळीचं कपाट मांडणार आहेत. तिचा फोटो, तिचं नाव, आणि मधोमध तो चौथा पिकअप. दाढीवाल्याने कागद आणला होता – दोन रेघांचे सर्व पिकअप हिच्याच हातचे, याला मी साक्षीदार. सुतळीला आता दिसत नाही आणि बाकीच्या कुणी उरल्या नाहीत, म्हणून मी. मी म्हटलं, चष्मा सापडत नाहीये, नंतर करते. चष्मा नाकावर होता. दाढीवाला भला माणूस, नंतर येतो म्हणाला.

सुनेला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आई, आता या वयात काय फरक पडतो?"

काहीच पडत नाही. तेच तर दुखतंय. जन्मभरात एकच गोष्ट अशी केली की लोक कान देऊन ऐकतात, आणि ती दुसरीच्या नावावर मीच चढवून ठेवली. कुणावर चिडू?

२० फेब्रुवारी

दाढीवाल्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. जीभ रेटत नव्हती.  त्याने विचारलं, "काही पुरावा आहे का?"

कसला पुरावा असणार? लपूनच तर करायचं होतं. हा माणूस स्क्रूचं साल सांगतो, सोल्डरचं वय सांगतो. पण तार कुणाच्या बोटांतून गेली हे कुठल्या मीटरवर दिसणार? "इतक्या वर्षांनी आठवणी एकमेकींत मिसळतात," म्हणाला, अगदी समजूत काढल्यासारखं. ओरडला असता तर चाललं असतं. फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

२६ फेब्रुवारी

सुतळीकडे गेले. ठरवून गेले होते की तिच्या तोंडूनच वदवून घ्यायचं. ती हो म्हणाली की संपलं.

खोली लहान, खिडकीशी खाट. तिने माझ्या पावलांवरूनच ओळखलं. "अजून तशीच दाणदाण चालतेस," म्हणाली. माझा हात हातात घेऊन बोटं चाचपत बसली, आणि जुन्याजणींपैकी कोण कुठे गेली ते विचारत राहिली. तिची लेक चहा घेऊन आली. तीच ती दोन वर्षांची, आता केस पांढरे. आईसाठी नवी साडी आणली होती, उद्घाटनाला नेसवायला, ती मला उलगडून दाखवली. "मावशी, तिचं नाव कधी कुठे लागेल असं वाटलंच नव्हतं हो."

दोनदा तोंड उघडलं, दोनदा चहाचंच बोलले. साडीचा रंग छान आहे म्हटलं. निघताना सुतळीने हात लवकर सोडला नाही.

बसथांब्यावर बसून राहिले. दोन बस आल्या आणि गेल्या. उठायचं जिवावर आलं होतं.

१ मार्च

कागद फ्रिजवर चिकटवलाय. सही नाही, नकार नाही. दाढीवाल्याचे दोन फोन आले. सुनेला सांगितलं, मी झोपलेय म्हण.

३ मार्च

दुपारी सुतळीचा फोन. म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या पोटात काहीतरी होतं, कळलं मला. तू बोलणार नाहीस, मीच बोलते. तू माझ्या ट्रेमध्ये ठेवायचीस ना, त्या सहांची तार मी दुसऱ्या दिवशी सकाळी कापून टाकायचे. मोजणी झालेली असायची, पॅकिंगवाले नऊला यायचे. मी सहाला यायचे आणि कामाचा भोंगा व्हायच्या आत ते सहा घाईघाईने पुन्हा गुंडाळायचे, रिळांवर उरलेल्या तारेने. तार संपली की तिथेच थांबायचं. माझी खूण आहे तर हात माझाच हवा ना गं. तुझं मन मोडेल म्हणून बोलले नाही."

"रोज?" मी विचारलं.

"रोज."

बरं म्हटलं. फ्रिजवरचा कागद काढून सही केली.